कागदावरचे २८०

१९८९ ते २००४ या काळात एखाद्या जपानी कंपनीने जपानमध्ये विकलेली कोणतीही मोटार घ्या. तिच्या माहितीपत्रकात २८० अश्वशक्तीच्या वरचा आकडा सहसा सापडणार नाही. निस्सान, टोयोटा, माझदा, मित्सुबिशी, सुबारू या कंपन्या एरवी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या, पण हा आकडा आला की सगळ्यांचा सूर एक. असा काही कायदा नव्हता. १९८८ मध्ये जपानच्या रस्त्यांवर दहा हजारांहून जास्त माणसं मेली, सरकार डोळे वटारू लागलं, आणि सरकारने काही नियम लादण्याआधी मोटार उत्पादकांनी आपसांतच ठरवून टाकलं की २८०च्या पुढे जायचं नाही. ताशी १८० किलोमीटरला गाडीचा वेग आपोआप तोडायचा, हाही असाच एक संकेत. अखेर २००४ मध्ये होंडाने आपली लेजंड ही भारदस्त, गुळगुळीत सेडान ३०० अश्वशक्तीची म्हणून जाहीर केली आणि समझोता निकालात निघाला. इतकी वर्षं टिकलेली वेस ओलांडली ती साहेब लोकांच्या गाडीने, याची तिकडच्या शौकिनांना अजून गंमत वाटते.

मधल्या काळात कागदावरचा आकडा आणि बॉनेटखालचं इंजिन यांच्यातलं अंतर वाढत गेलं, आणि त्या अंतरात एक अख्खा धंदा उभा राहिला. कंपनीकडून गाडी २८०ची घ्यायची आणि गॅरेजमधून ती ४००, ५००, ६००ची करून आणायची. यात पहिला हात पडे तो टर्बोवर. लेख टर्बोबद्दल आहे, पण सगळ्या गाड्यांना एकत्र मोजण्यात अर्थ नाही. म्हणून एकच गाडी घेतो: निस्सान स्कायलाइन जीटी-आर, १९८९ची, जाणकारांच्या तोंडी नुसती आर३२.

हिचा जन्मच मुळी नियमाच्या पळवाटा मोजून झालेला. ‘ग्रुप ए’ शर्यतीत कारखान्यातून विकलेली गाडीच उतरवावी लागे, आणि टर्बो असलेल्या इंजिनाची क्षमता १.७ने गुणून गाडीचा वर्ग ठरे. निस्सानच्या लोकांनी २५६८ सीसीचं इंजिन बांधलं. गुणाकार केला की ४३६६ येतात, म्हणजे साडेचार हजारांच्या वर्गात आरामात बसतं. हा जो विचित्र वाटणारा २.६ लिटरचा आकडा आहे, तो असा आला. लोखंडी ब्लॉक, सहा सिलिंडर एका रांगेत, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, आणि तीन-तीन सिलिंडरांना मिळून एकेक असे दोन टर्बो. आरबी२६डीईटीटी हे त्याचं लांबलचक नाव. नागानोरी इतो हे या गाडीचे मुख्य अभियंता, आणि नव्वदच्या दशकात जगातली सर्वांत चांगली चालणारी गाडी आपली असली पाहिजे, या निस्सानच्या ‘९०१’ नावाच्या मोहिमेतलं हे अपत्य.

नंतर जे झालं त्याला शर्यत म्हणायची की नाही हाच प्रश्न आहे. १९९० ते १९९३ या चार मोसमांत जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत ही गाडी झालेल्या सर्व २९ शर्यतींत पहिली आली. ऑस्ट्रेलियात १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षं बाथर्स्टची हजार किलोमीटरची शर्यत जिम रिचर्ड्‌स आणि मार्क स्काइफ यांनी हिच्यातूनच जिंकली. तेही दुसऱ्या वर्षी आयोजकांनी तिच्या अंगावर जादा वजन चढवलेलं असताना. तिथल्या एका मासिकाने तिला ‘गॉडझिला’ म्हटलं आणि ते नाव तिला चिकटलं. शर्यतीतल्या या इंजिनाची ताकद ५००च्या बरीच वर होती. ब्लॉक तोच, डोकंही तेच. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाने दुकानातून २८०ची गाडी घेतली, त्याने मुळात ५००-६००च्या हिशेबाने बांधलेलं इंजिन गळा आवळून घरी नेलेलं असे.

माझ्या मते ही एक गोष्ट कळली की जीटी-आरच्या टर्बो बदलण्यामागचं सगळं कळतं. इतर गाड्यांत लोक इंजिनाला त्याच्या कुवतीपलीकडे ओढतात. इथे बराच काळ ते फक्त कारखान्याने मारलेल्या गाठी सोडवत होते. गाठी संपल्या की मात्र खरी परीक्षा सुरू होते, आणि कुठली गाठ शेवटची हे बहुतेकांना इंजिन खोलावं लागल्यावर समजतं.

टर्बो म्हणजे काय हे थोडक्यात सांगून टाकतो. गोगलगाईच्या शंखासारखी दोन ओतीव घरं पाठीला पाठ लावून ठेवलेली. मधून एक दांडा. दांड्याच्या दोन टोकांना दोन पातेरी चाकं. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू एका चाकाला फिरवतो, त्यामुळे दुसरं फिरतं आणि ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतं. आल्फ्रेड बुखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. नंतर ते जहाजांत आलं, विमानांत आलं, आणि आपल्याकडे ‘टर्बो’ अशी अक्षरं ट्रकच्या अंगावर मिरवत आलं. जपानमधली पहिली टर्बो मोटार निस्सान सेड्रिक, १९७९ची. सरकारला वेगाची धास्ती होती, त्यामुळे कंपनीने टर्बो मांडला तो इंधन वाचवणारी वस्तू म्हणून. पण त्याच्या पाच वर्षं आधीच फुजी पर्वताच्या पायथ्याशी, यामाहातून बाहेर पडलेले हिरोयुकी हासेगावा यांच्या एचकेएस या छोट्या कंपनीने साध्या निस्सान इंजिनाला लावायचा टर्बोचा संच बाजारात आणला होता. १९८३ मध्ये याच कंपनीने तयार केलेल्या टोयोटा सेलिका एक्सएक्सने याताबेच्या चाचणी-मार्गावर ताशी ३०० किलोमीटर ओलांडले. कारखाना जे करायला बिचकत होता ते गॅरेजवाले करून मोकळे झाले होते.

आता आकड्यांकडे येऊ, कारण टर्बोचा सगळा व्यवहार हवेच्या वजनाचा आहे. इंजिनातून ४०० अश्वशक्ती काढायची तर त्याला ढोबळ मानाने मिनिटाला १८ किलो हवा लागते. किलो! म्हणजे सुमारे १५ घनमीटर, दर मिनिटाला. एवढी हवा कोंबण्यासाठी टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि त्याच्या एका टोकाला नऊशे अंशांच्या आसपास तापलेला वायू असतो, तर दुसऱ्या टोकाला पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळची हवा. शिवाय दाबली की हवा तापते. ३० अंशांची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबाला नेली तर ती सहज सव्वाशे अंशांना पोहोचते. तापलेली हवा विरळ असते, मग दाबून उपयोग काय? म्हणून ती इंटरकूलरमधून फिरवून गार करायची आणि मग सिलिंडरला द्यायची. सध्याच्या छोट्या पेट्रोल गाड्यांतही हेच सगळं चालू असतं, फक्त दाब कमी आणि घाई कमी.

टर्बोचं जुनं दुखणं म्हणजे पाय दाबल्यापासून जोर येईपर्यंतचा उशीर. चाक जितकं जड, तितका त्याला वेग घ्यायला वेळ. निस्सानने यावर काढलेला तोडगा सुंदर होता आणि तोच पुढे या गाडीचा दुबळा दुवा ठरला. वायूकडचं चाक त्यांनी धातूऐवजी सिरॅमिकचं, सिलिकॉन नायट्राइडचं केलं. १९८५ मध्ये फेअरलेडी झेडमध्ये त्याची सुरुवात झाली आणि जीटी-आरमध्येही तेच आलं. वजन धातूच्या चाकाच्या निम्म्याहून कमी, उष्णतेला चिवट. पण सिरॅमिक वाकत नाही, तुटतं. आणि ते पोलादी दांड्याला जोडलेलं असल्यामुळे दाब वाढवला, फेरे वाढले, उष्णता वाढली की एक दिवस चाक दांड्यावरून सुटतं. शर्यतीत उतरायचं म्हणून निस्सानने १९९० मध्ये ज्या मोजक्या ‘निस्मो’ गाड्या काढल्या, त्यांना धातूची चाकं दिली. म्हणजे कंपनीला माहीत होतं. गिऱ्हाइकाला मात्र पत्रकात सिरॅमिकचं कौतुकच वाचायला मिळालं.

आता गंमत पाहा. या गाडीचा दाब वाढवणं हास्यास्पद वाटावं इतकं सोपं आहे. दाबावर ताबा ठेवणाऱ्या झडपेकडे जाणाऱ्या एका रबरी नळीत बारीक छिद्राचा छोटासा नग खुपसलेला असतो. तो काढून फेकायचा आणि नळी परत लावायची. खर्च शून्य. दाब ०.७-०.८ बारवरून एक बारच्या आसपास जातो आणि गाडी अंगात आल्यासारखी पळते. नव्वदच्या दशकात जपानभर पोरांनी हे केलं, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी पुढे सायलेन्सरच्या नळीतून सिरॅमिकचे तुकडे झटकून काढले.

सागामिहारामधल्या एका औद्योगिक गल्लीतल्या गॅरेजमध्ये मी जी आर३२ पाहिली, तिच्याही नळीतला तो नग जागेवर नव्हता. कुणी काढला ते सांगायला आधीचे मालक हजर नव्हते. आत्ताचा मालक चिंचवडचा. वडील भोसरीला टर्नर, हा अभियांत्रिकी शिकून जपानला आलेला आणि तिकडेच रुळलेला; बायको नागपूरची, आणि ‘या डब्यात एवढे पैसे’ हे तिचं वाक्य त्यानेच मला हसत ऐकवलं. तो गॅरेजमालकांना ‘ताइशो’ म्हणतो, आपण उस्ताद म्हणावं तसं. ताइशो साठीच्या पुढचे, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं.

“मी पहिल्यांदा आलो तेव्हा सहाशे पाहिजेत म्हणालो,” तो सांगत होता. “त्यांनी विचारलं, कुठे चालवणार? म्हटलं, रोज नाही, रविवारी हाकोनेच्या घाटात. तर म्हणाले, मग सहाशे कशाला? घाटात तुझा पाय अर्धा वेळ निम्म्यावरच असणार.”

हा प्रश्न ताकदीच्या गप्पा मारणारे सहसा विचारत नाहीत. मोठा टर्बो लावला की शिखरावरचा आकडा वाढतो, पण तो फुगायला इंजिनाचे फेरे साडेचार-पाच हजारांपर्यंत चढावे लागतात. तोवर गाडी मूळच्यापेक्षा सुस्त. वळणातून बाहेर पडताना तीन हजारांवर असलेलं इंजिन आधी विचार करतं, मग एकदम लाथ मारतं. आपल्याकडे ज्याला ‘पिकअप’ म्हणतात तो नेमका या मधल्या पट्ट्यात असतो, आणि तोच मोठ्या टर्बोने जातो. सरळ रस्त्यावर, वांगान या टोकियोच्या समुद्राकाठच्या महामार्गावर रात्री अतिवेगाने पळवणाऱ्यांच्या जमान्यात, मोठ्या एकेरी टर्बोची चलती होती, कारण तिथे वळणंच नव्हती. (तिथली वेगमर्यादा ताशी ८० आहे, हेही नोंदवून ठेवू.) त्या काळच्या दंतकथांवर पोसलेली पिढी आजही एकेरी टर्बोकडे आदराने बघते. दोन छोट्यांऐवजी एक मोठा लावला की नळ्यांची गुंतागुंत कमी होते, दुरुस्तीला हात जातो, आणि आजच्या नव्या घडणीच्या पात्यांमुळे एकेरी टर्बोही पूर्वीइतके आळशी राहिलेले नाहीत, हे खरंच. तरी ज्या गाडीला सहा स्वतंत्र थ्रॉटल दिले ते पायाखालच्या इशाऱ्याला तिने लगेच उत्तर द्यावं म्हणून, तिला एक भलाथोरला शंख लटकवून उशीर विकत घ्यायचा, हे मला पटत नाही.

शेवटी ठरलं ते गॅरेटच्या २८६० घराण्यातलं. या टर्बोंचा सुट्या भागाचा क्रमांक ७०७१६० असा आहे आणि पुढे डॅश देऊन नऊ, सात, पाच. जीटी-आरवाल्यांच्या बोलण्यात त्यामुळे टर्बोला नावच उरलेलं नाही. ‘डॅश नाइन घातलेत’, ‘पाचवर गेला’ अशी भाषा. नऊ सर्वांत छोटा आणि चपळ, पाच सर्वांत मोठा. याने नऊची जोडी घेतली. चाकं धातूची, बेअरिंग बॉलचं, आणि बसायची जागा मूळच्यासारखीच, त्यामुळे मॅनिफोल्ड बदलावं लागत नाही.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात जीटी-आरचे टर्बो काढणं म्हणजे मनगट सोलून घेणं. दोन्ही टर्बो इंजिनाच्या उजव्या कुशीत, एक पुढे, एक मागे. मागचा तर केबिनच्या भिंतीला टेकलेला, तिथे हात जातो पण हाताला डोळे जात नाहीत. आधी वर आडवी गेलेली हवेची जाड नळी काढायची, मग उष्णतेपासून बचावाचे पत्रे. त्यांचे बोल्ट तीस वर्षं भाजून भाजून बिस्किटासारखे ठिसूळ झालेले. ताइशोंनी आदल्या रात्रीच सगळ्या नटांना गंज सोडवणारं तेल पाजून ठेवलं होतं. तरी मागच्या टर्बोचा एक स्टड पान्ह्याखाली नाजूकसा करकरला आणि तुटला. कुणी काही बोललं नाही. ताइशोंनी खोक्यातून वेल्डिंगची बंदूक काढली, तुटक्या टोकावर एक नट वेल्ड केला, तो लाल असतानाच पान्हा लावला आणि हळूहळू, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असं करत स्टड बाहेर घेतला. त्यासाठी अर्धी सकाळ गेली.

पाणी आणि तेलाच्या बारीक नळ्या सुटल्या, तांब्याचे वॉशर एका थाळीत जमा झाले, आणि पहिला टर्बो टेबलावर आला. वायूकडचं चाक काळसर करडं, कुठे धातूची चमक नाही. बोटाने फिरवलं तर फिरत होतं, दांड्याला नको इतका प्लेही नव्हता. दुसऱ्याचं चाक मात्र दिव्याखाली धरल्यावर दिसलं: एका पात्याच्या कडेचा टवका उडालेला, नखाएवढाही नाही. ताइशोंनी त्यावर नख फिरवलं आणि काहीतरी पुटपुटले. “म्हणतात, अजून एक उन्हाळा चालला असता,” याने भाषांतर केलं. “किंवा नसता.”

इथून पुढे टर्बोची गोष्ट संपते आणि बाकीच्या गाडीची सुरू होते. हवा वाढली की पेट्रोल वाढवायला हवं. ४०० अश्वशक्तीला मिनिटाला साधारण दोन लिटर पेट्रोल लागतं. या इंजिनाचे मूळचे सहा इंजेक्टर प्रत्येकी मिनिटाला ४४० सीसीच्या आसपास सोडतात. सतत उघडे ठेवता येत नाहीत म्हणून पंधरा टक्के राखून ठेवले तर सगळे मिळून सव्वादोन लिटर. म्हणजे ४००ला ते काठावर येऊन थांबतात. पेट्रोल कमी पडलं तर जळण कोरडं होतं, तापमान चढतं, मिश्रण ठिणगीची ज्वाळा पोहोचण्याआधीच फुटू लागतं आणि पिस्टनची कड वितळते. म्हणून इंजेक्टर मोठे. मग टाकीतला पंप मोठा. मग इंजिनाच्या तोंडाशी हवा मोजणारे दोन मीटर, जे ठरावीक हवेनंतर ‘पुरे’ म्हणून एकच आकडा दाखवत राहतात. ते काढून त्यांच्या जागी दाबाचा सेन्सर. मग या सगळ्याचं गणित करायला जुना संगणक अपुरा, म्हणून नवा ईसीयू. मग क्लच घसरतो.

आणि तेल. आरबी२६च्या तेलाच्या पंपावर स्वतंत्र लेख होईल. पंपाचं आतलं चाक थेट क्रँकच्या नाकावर बसतं, आणि सुरुवातीच्या आर३२मध्ये क्रँकवरचा हा पकडीचा भाग फारच अरुंद होता; निस्सानने पुढे तो रुंद केला. फेरे वारंवार टोकाला नेले, क्रँक थरथरली की पंपाच्या चाकाचे तुकडे होतात, तेलाचा दाब शून्यावर येतो आणि काही सेकंदांत इंजिन बसतं. शिवाय लांब वळणात वरच्या डोक्यात चढलेलं तेल वेळेत खाली येत नाही. या गाडीत टर्बो बदलून तेलाचा पंप तसाच ठेवणारा माणूस एकतर फार नशीबवान असतो किंवा लवकरच गाडी विकणार असतो. चिंचवडकरांच्या क्रँकला आधीच्या कुणीतरी रुंद पट्टी चढवून घेतलेली सापडली, तेव्हा त्या गॅरेजमध्ये मला पहिल्यांदा सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम हसू दिसलं.

या खर्चाच्या यादीत टर्बोच्या जोडीची किंमत निम्मीही भरत नाही. तरी बोलताना लोक टर्बोबद्दलच बोलतात. इंजेक्टरचा फोटो कोण काढतो?

नवे टर्बो बसले, तांब्याचे नवे वॉशर आले. सुरू करण्याआधी प्रत्येक टर्बोत हाताने तेल ओतलं आणि ठिणगी बंद ठेवून स्टार्टरवर इंजिन नुसतं फिरवत राहिले, तेलाच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत. बेअरिंग पहिले दोन सेकंद कोरडं फिरलं तरी त्याचं आयुष्य तिथेच कमी होतं. मग किल्ली. बॉनेटखालून निळसर धूर आला, हाताळताना सांडलेलं तेल जळत होतं, कुणीच दचकलं नाही.

ट्यूनिंग मात्र पाहण्यासारखं होतं. गाडीची मागची चाकं काढून आस थेट शक्ती मोजणाऱ्या यंत्राला जोडलेले, पुढच्या चाकांकडे जाणारा जोर बंद केलेला. समोर मोठा पंखा. ताइशोंच्या कानाला जुनाट हेडफोन, त्याची वायर इंजिनाच्या ब्लॉकवर घट्ट केलेल्या एका सेन्सरपर्यंत. पडद्यावर आलेखच आलेख असूनही ते डोळे मिटून ऐकत होते. मिश्रण वेळेआधी फुटलं तर त्याचा बारीक खडखडाट आधी तिथे ऐकू येतो. ०.८ बारवर एक फेरी. ठिणगी एक अंश मागे. पुन्हा. एक बार. पेट्रोल जरा वाढवलं. पुन्हा. पंपावर मिळणारं जपानी ‘हाय-ऑक’ पेट्रोल उच्च ऑक्टेनचं असतं, त्याने बराच आधार मिळतो. आपल्याकडे शंभर ऑक्टेन मिळू लागलं ते २०२०च्या अखेरीस, तेही निवडक पंपांवर. मला हेडफोन दिला तेव्हा मला फक्त गिरणी ऐकू आली. चिंचवडकरांना म्हणे काही फेऱ्यांनंतर फरक कळू लागला. मला शंका आहे.

४००च्या थोडं पुढे ताइशो थांबले. टर्बो अजून देऊ शकले असते. पण त्यांना दाखवायचा होता तो शिखराचा आकडा नव्हे, तर तीन हजार फेऱ्यांपासून वर चढत गेलेली आलेखाची रेघ. ती त्यांनी पेन्सिलने दाखवली, एका जागी जिथे जुनी रेघ खाली राहिली होती तिथे छोटासा टिंब काढला. “घाटात तू इथे असशील,” असं काहीसं म्हणाले.

जपानमध्ये दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ ही सक्तीची तपासणी असते. पूर्वी गाडीतला जवळपास प्रत्येक बदल तिथे अडकायचा. १९९५ मध्ये नियम बरेच सैल झाले आणि हा लपूनछपून चालणारा धंदा उजळ माथ्याने चालू लागला. तरी धूर आणि आवाज मोजतातच. धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक काढून टाकलेली गाडी सरळ परत पाठवतात. भारतात हा प्रश्नच वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे आपल्याकडे टर्बो बदलणारे बोलतात ते दबक्या आवाजात. विरोधाभास असा की ज्या गॅरेट नावाभोवती हे सगळं फिरतं, त्याच कंपनीचा कारखाना पुण्याजवळ आहे आणि आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांसाठी तिथे टर्बो बनतात. चिंचवडकरांच्या भोसरीतल्या मित्रांना टर्बोचं घर कसं ओततात, चाकाचा तोल कसा साधतात हे तोंडपाठ आहे. त्यांतल्या एकानेही तो स्वतःच्या गाडीत हौसेने बदललेला नाही.

एक गोष्ट मात्र गेल्या काही वर्षांत पार उलटली आहे. अमेरिकेत पंचवीस वर्षं जुनी झालेली परदेशी गाडी तिथल्या सुरक्षा-नियमांची आडकाठी न येता आणता येते. १९८९ची आर३२ त्या नियमात २०१४ मध्ये बसली, आणि जपानच्या लिलावांतून या गाड्या जहाजं भरून जाऊ लागल्या. भाव चढले ते चढलेच. २०१७ मध्ये निस्सानने स्वतः जुन्या जीटी-आरचे सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. आता ज्या गाडीला कुणी हात लावलेला नाही, जिच्या नळीतला तो बारीक छिद्राचा नगसुद्धा जागेवर आहे, तिला सर्वांत जास्त किंमत. वीस वर्षांपूर्वी हीच गाडी ‘अजून काही केलंच नाहीस का’ म्हणून चेष्टेचा विषय होती.

चिंचवडकर जुने टर्बो भंगारात टाकायला निघाला होता, तर ताइशोंनी अडवलं. दोन्ही टर्बो, टवका उडालेलासुद्धा, त्यांनी पुसून, तोंडांना प्लास्टिकची टोपणं लावून एका खोक्यात भरले, वर तारीख आणि गाडीचा चेसिस क्रमांक लिहिला. कधी विकायची वेळ आली तर अमेरिकन गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच विचारेल, मूळचे कुठे आहेत म्हणून. खोकं कुठे ठेवायचं यावर घरी काय झालं ते मी विचारलं नाही. त्याने मात्र निघताना क्लचचा भाव विचारून घेतला, आणि ताइशोंनी तो न बोलता पेन्सिलने त्याच कागदाच्या कडेला, आलेखाच्या खाली लिहून दिला.